बापू कुटीचे जतन आणि जन्माने दिलेले कसब

जुन्या वास्तूंच्या जतनाविषयी आपल्याकडे जे लेखन होते, त्यात एक वाक्य हमखास येते : वास्तूची डागडुजी स्थानिक कुशल कारागिरांच्या हातून व्हावी. वाक्य निरुपद्रवी आहे. जुन्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारून ती बिघडवण्यापेक्षा हे केव्हाही बरे. परंतु हा कारागीर कुशल कसा झाला, आणि त्याच्या मुलाने हेच काम का करावे, हे प्रश्न त्या लेखनात सहसा येत नाहीत. दलित समीक्षेने ते विचारले पाहिजेत. त्यासाठी सेवाग्रामच्या बापू कुटीसारखे बोलके उदाहरण विदर्भात दुसरे नाही.

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी वर्ध्याजवळच्या सेगावात आले. पुढे १९४० मध्ये ह्याच गावाचे नाव सेवाग्राम झाले. जमनालाल बजाज गावचे मालगुजार. वस्तीत अस्पृश्यांची संख्या मोठी. घर स्थानिक साहित्याचे, स्थानिक मजुरांनी बांधलेले आणि पाचशे रुपयांच्या आत व्हावे, ही गांधीजींची अट होती. माती, बांबू, लाकूड आणि कवेलू ह्यांतून आधी आदि निवास आणि मग बापू कुटी उभी राहिली. अशा घराचे जतन एकदा करून संपत नाही. पावसाळ्यापूर्वी कवेलू फेरावे लागतात, वाळवी लागलेले लाकूड बदलावे लागते, शेण आणि भुसा कालवलेल्या मातीने भिंत लिंपावी लागते, जमीन सारवावी लागते. सिमेंट थापले तर ओल आत अडकते आणि भिंत आतून सुटू लागते. म्हणजे हे घर टिकले आहे ते दर वर्षी तेच काम करणाऱ्या हातांमुळे.

जानेवारी १९७८ मध्ये इव्हान इलिच ह्या विचारवंताने सेवाग्राम येथे ह्या कुटीच्या संदेशावर भाषण केले. माणूस वस्तूंचा जेवढा साठा करतो तेवढा तो दुबळा होतो आणि कुटीचा साधेपणा समतेकडे नेतो, असा त्याचा आशय. त्यातील भोगवादावरची टीका आपल्यालाही मान्य होण्यासारखी आहे. कुटी यंत्राने नव्हे, माणसाच्या हातांनी घडली, हेही इलिच आवर्जून सांगतात. मात्र ते हात कोणाचे, त्यांना ते काम कोणी नेमून दिले, ह्या प्रश्नापाशी ते थांबत नाहीत. महात्म्याने कुटी निवडली. गावाबाहेरच्या वस्तीतील माणसाला निवड करायची नव्हतीच. त्याच्यासाठी कुटी ठरलेली होती. निवडलेला साधेपणा आणि लादलेले दारिद्र्य ह्यांच्या भिंती एकाच मातीच्या असतील. त्यांचा अर्थ एक नाही.

ह्याच १९३६ साली, लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी लिहिलेले आणि होऊ न शकलेले भाषण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केले. जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, माणसाची कुवत न पाहता आईबापांच्या दर्जावरून त्याचे काम आधीच ठरवले जाते, आणि अशा कामात माणसाचे ना मन लागते ना बुद्धी, हे त्यांनी त्यात मांडले. जुलै महिन्यात ‘हरिजन’मधून गांधीजींनी उत्तर दिले, प्रत्येकाने वडिलोपार्जित व्यवसायावर उपजीविका करावी, ह्या वर्णधर्माचे त्यांनी समर्थन केले. त्यावर, स्वतः गांधीजींनी तरी वडिलोपार्जित व्यवसाय कोठे चालवला, असा बिनतोड प्रश्न बाबासाहेबांनी केला. तेव्हा आदि निवास आणि हा वाद एकाच वर्षाचे आहेत. एकाचे जतन करताना दुसऱ्याचा विसर पडणे हा निव्वळ योगायोग मानता येत नाही.

‘कारागिरांची परंपरा लोप पावत आहे’ ही आजची हळहळ त्या जुन्या वर्णधर्माचीच सभ्य आवृत्ती आहे. कुंभाराचा मुलगा कवेलू थापण्याऐवजी ऊर्जानगरच्या औष्णिक केंद्रात कंत्राटी कामाला जाऊ पाहत असेल, तर तो परंपरेचा द्रोह नव्हे. त्याने त्या परंपरेची केलेली समीक्षा आहे. त्यात मजुरीचा हिशेब आहे आणि अपमानाचाही. शिवाय मातीच्या भिंतीचे त्याचे घर घरकुलाच्या यादीत ‘कच्चे’ ठरते आणि महात्म्याचे तसलेच घर ‘वारसा’ ठरते. हे त्याला दिसत नाही असे समजू नये.

साहित्याची गोष्टही तशीच. बांबू स्थानिक खरा, पण तो कोणाचा? गडचिरोलीतील मेंढा (लेखा) ह्या गावाला वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क २००९ मध्ये मिळाला, आणि स्वतःच्या वाहतूक परवान्यावर बांबू विकण्यासाठी २०११ पर्यंत झगडावे लागले. जंगलावर हक्क नसलेल्या माणसाला ‘स्थानिक कारागीर’ म्हणणे म्हणजे त्याचा हात घेणे आणि हक्क नाकारणे. आणि सारवणाचे काय? मातीच्या घराचा रोजचा भार बाईच्या कमरेवर असतो. तिला तर कारागीरही कोणी म्हणत नाही.

तर मग बापू कुटी पडू द्यावी काय? मुळीच नाही. मातीत काम करण्याचे ज्ञान हे ज्ञानच आहे आणि ज्यांनी ते सांभाळले त्यांना ‘अशिक्षित मजूर’ म्हणणे हा ज्ञानाचाच अवमान होय. मात्र ते ज्ञान जन्मापासून सोडवले पाहिजे. चंद्रपूरजवळ चिचपल्लीच्या केंद्रात बांबूचे काम प्रशिक्षणाने शिकवले जाते. तसेच मातीचे आणि कवेलूचे कामही कोणत्याही जातीच्या मुलामुलींना शिकता यावे. ब्राह्मणाच्या मुलाने भिंत लिंपावी, कुंभाराच्या मुलीने जतनाचा आराखडा काढावा. कुशल कामाला कुशल मजुरी मिळावी, सारवणालाही. कुटीच्या भिंतीवर मीराबेननी केलेल्या नक्षीची माहिती भेट देणाऱ्यास मिळते; दर वर्षी ती भिंत लिंपणाऱ्यांची नावेही तेथे लिहिली जावीत.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपुरात ज्यांनी बाबासाहेबांच्या हातून धम्मदीक्षा घेतली, त्यांनी जन्माने लादलेले जिणे नाकारले. त्यांच्या नातवंडांना घर बांधण्याचे कसब हवे असेल तर ते त्यांनी निवडून घ्यावे, आणि नको असेल तर निःसंकोच सोडावे. हे स्वातंत्र्य नसेल तर जतन वास्तूचे होणार नाही, व्यवस्थेचे होईल.