कचऱ्याची गाडी आणि आरसा

नगराने कलावंतास काम सांगितले की बहुधा चौकात एक पुतळा उभा राहतो; अनावरण होते आणि पुढे त्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. १९७७ साली न्यूयॉर्कच्या सफाई खात्यात निवासी कलावंत म्हणून विनावेतन रुजू झालेल्या मीर्ल लॅडरमन युकेलीस यांनी ही वाट सोडली. १९७९-८० मध्ये त्यांनी खात्यातील सुमारे ८,५०० कामगारांस एकेकटे गाठून हस्तांदोलन केले, आभार मानले. हेतू थोर खरा. परंतु आभाराने कामगाराचा मान वाढतो, त्याचे ओझे उतरत नाही, आणि नागरिक तर या व्यवहाराबाहेरच राहतो.

म्हणूनच १९८३ ची ‘सोशल मिरर’ ही कृती आम्हांस अधिक मोलाची वाटते. त्यांनी कचऱ्याच्या गाडीस आरसे जडविले. गाडीकडे पाहणाऱ्यास त्यात आपलेच तोंड दिसे. कचरा कोणाचा, या प्रश्नास याहून सडेतोड उत्तर कोणते?

सरकारी खात्यांत हयात घालविणाऱ्या आमच्या वाचकांनी यातून एवढेच घ्यावे: कलावंत दारी आला, तर त्यास रंगवावयास भिंत देण्यापूर्वी आपले काम दाखवावे.