पाळि ग्रंथांची अक्षरजुळणी आणि विद्यापीठांचे उत्तरदायित्व

ग्रंथाची चिकित्सा करताना त्याची अक्षरजुळणी कोणत्या साधनाने झाली, हे पाहण्याचा प्रघात आपल्याकडे नाही. पाळि ग्रंथांच्या बाबतीत ही उपेक्षा परवडणारी नाही, असे आमचे मत आहे. 'धम्मं' मधील अनुस्वार गळाला की द्वितीया लोपते व अर्थ डळमळतो.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील प्रा. डोनाल्ड नूथ यांनी आपल्याच ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची सदोष मुद्रिते पाहून १९७८ साली 'टेक्' ही संगणकीय जुळणीप्रणाली सिद्ध केली व ती विद्वानांना विनामूल्य दिली. १९९० मध्ये तिचा विकास थांबवून त्यांनी केवळ दोषदुरुस्ती चालू ठेवली. निरनिराळ्या लिपींची सोय करणे मग इतरांवर आले. नेदरलँड्समधील ग्रोनिंगेन विद्यापीठात फ्रान्स वेल्थुईस यांनी १९९१ साली तिच्यासाठी देवनागरीचा टंक आणि रोमन अक्षरांचे देवनागरीत रूपांतर करणारा 'देवनाग' हा पूर्वसंस्कारक तयार केला. हे कार्य मोठे आहे. साध्या इंग्रजी कळफलकावरून, एकही विशेष चिन्ह न वापरता, जोडाक्षरांसह शुद्ध देवनागरी उमटू लागली. पुढे इतर अभ्यासकांनी त्यात मुंबई वळणाची अक्षरेही आणली. मराठी वाचकाच्या डोळ्यांना ती केवढी सुखद!

तथापि आमचा आक्षेप वेगळ्या ठिकाणी आहे. वेल्थुईस यांची लेखनपद्धती पाळि अभ्यासकांनी रोमन लिपीतील पाळिसाठीही उचलली आणि तेथे ती काहीशी बदलली. पाळिच्या रूढीत टिंब देऊन लिहिलेला 'एल' म्हणजे 'ळ'. मूळ पद्धतीत मात्र तोच संकेत संस्कृतातील 'ऌ' या स्वराचा असून 'ळ'साठी मोठा 'एल' योजलेला आहे. म्हणजे 'पाळि' हा शब्दच या यंत्रातून धड बाहेर पडत नाही! त्याहून गंभीर बाब अशी की, मूळ पद्धतीत मोठा 'बी' म्हणजे 'भ'. रोमन रूढीनुसार विशेषनामाचे आद्याक्षर मोठे लिहून भगवंतांचे नाव टंकित केले, तर कागदावर 'भुद्ध' उमटते. यंत्र कोणतीही सूचना देत नाही, कारण त्याच्या दृष्टीने काहीच चुकलेले नसते.

हा दोष वेल्थुईस यांचा नव्हे. त्यांनी नियम स्पष्ट दिले होते. साधन संगणकावर बसवले की विद्यापीठाचे काम संपले, ही समजूत दोषी आहे. प्रणाली विनामूल्य असली तरी ती जाणणारा मनुष्य विनामूल्य मिळत नाही. त्याला पद हवे, वेतन हवे आणि पाळिचे किमान व्याकरण हवे. बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या सोळाव्या खंडात (१९९८) पाळि शब्दांचे अर्थ इंग्रजी, मराठी, गुजराती व हिंदी अशा चार भाषांत आहेत. असा कोश जुळवताना भाषातज्ज्ञ एका टेबलाशी आणि तंत्रज्ञ दुसऱ्या इमारतीत, ही व्यवस्था कशी चालावी?

२००४ मध्ये आलेल्या 'झीटेक्'ने युनिकोड स्वीकारले आणि नव्या लेखनापुरती पूर्वसंस्कारकाची गरज उरली नाही. जुन्या संहितांचे मात्र तसे नाही. त्यांचे रूपांतर करणाऱ्याला प्रत्येक फाईलपाशी थांबून विचारावे लागते, की येथे टिंबाचा 'एल' म्हणजे 'ळ' की 'ऌ'? शेजारचे शब्द वाचून हे ठरवता येते. पण त्यासाठी वाचणाऱ्याला पाळि यावी लागते.