चाड्यावरची मूठ

शेतकामाचे छायाचित्र सुंदर असावे की खरे असावे, या प्रश्नावर गेली दीडशे वर्षे वाद चालू आहे. सुंदर म्हटले की त्यात खोटेपणा गृहीत धरायचा आणि खरे म्हटले की रुक्षपणा, अशी आपल्याकडच्या रसिकांची सवय होऊन बसली आहे. मला हा झगडाच लटका वाटतो. छायाचित्र काढणाऱ्याला समोरचे काम समजले आहे की नाही, हा प्रश्न त्याच्या आधीचा आहे. आणि त्याचे उत्तर मिळाले की सुंदर-असुंदराचा वाद पुष्कळसा आपोआप मिटतो. चित्रधर्मी छायाचित्रणाचा जो संप्रदाय एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडात उदयाला आला, त्याच्याकडे मराठवाड्यातल्या माणसाने कसे पाहावे, हे मला याच अंगाने सांगायचे आहे.

कॅमेरा हे निव्वळ नकला उतरवून घेणारे यंत्र आहे, त्याला कलेच्या पंगतीत पान कसले, असे त्या काळी चित्रकार म्हणत. तेव्हा काही छायाचित्रकारांनी चित्रकलेचाच वेष घेतला. हेन्री पीच रॉबिन्सन हा त्यांतला अग्रणी. चार-पाच काचा जुळवून तो एक चित्र सिद्ध करी. खेड्यातल्या बाया कॅमेऱ्यापुढे अवघडतात, म्हणून त्यांचे कपडे मिळवून ते तो सुखवस्तू घरांतल्या मुलींना घालायला देई आणि त्यांना बांधाकुंपणापाशी उभे करी. शेतकरणीचे लुगडे हवे, शेतकरीण नको, असाच हा प्रकार!

त्याच्याविरुद्ध दंड थोपटून उभा राहिला पीटर हेन्री एमर्सन. क्यूबात जन्मलेला, वैद्यकी शिकलेला हा गृहस्थ मोठा भांडखोर होता. पूर्व इंग्लंडातल्या नॉरफोकच्या पाणथळ मुलखात तो राहिला, तिथल्या गवत कापणाऱ्यांत आणि मासे धरणाऱ्यांत वावरला. गुडॉल या चित्रकार मित्राबरोबर त्याने १८८६ साली चाळीस छायाचित्रांचा संग्रह सिद्ध केला. १८८८ मध्ये आणखी एक. डोळा एका वेळी एकच गोष्ट स्पष्ट पाहतो, म्हणून चित्रातही मुख्य तेवढे रेखीव आणि बाकीचे किंचित मऊ असावे, हे मत त्याने १८८९ साली ग्रंथरूपाने मांडले आणि पुढच्याच वर्षी काळ्या चौकटीची पुस्तिका लिहून, छायाचित्रण ही कलाच नव्हे, असे म्हणत ते मागे घेतले. त्याचे सिद्धांत टिकले नाहीत, चित्रे टिकली. चढावर नांगर ओढणारे घोडे आणि मागे नांगऱ्या, हे त्याचे चित्र घ्या. त्यात धूसरपणा आहे, पण जनावरांच्या अंगातला ताण धूसर नाही. चढण किती आहे हे त्या ओढीवरून कळते. हे चित्र आमच्याकडच्या शेतकऱ्यापुढे ठेवले, तर परका मुलूख आणि परकी जनावरे असूनही तो म्हणेल, “जमीन जड दिसते.”

पुढे या संप्रदायाचा प्रसार झाला आणि एमर्सनचे धुके तेवढे शिल्लक राहिले. त्यातली जड जमीन गेली. आपल्या देशातही तो आला. मुंबईचे शापूर भेदवार १८९०च्या सुमारास लंडनला शिकले आणि तिथल्या नामांकित छायाचित्रकारांच्या मंडळात जाऊन बसले. पण त्यांची रचना नाट्यप्रवेशासारखी, दिवाणखान्यातली. पालनपूरचे ए. एल. सय्यद मात्र गुजरात-राजस्थानच्या धुळीत हिंडले. धुळीतून तिरपे येणारे ऊन आणि त्यातून चाललेले कळप पाहावेत ते त्यांच्याच चित्रांत. ती चित्रे मला आवडतात. तरीही त्यांतली माणसे बहुधा कुठून तरी कुठे तरी चाललेली असतात, काम करीत थांबलेली क्वचित, ही चुटपुट राहतेच.

आणि मराठवाडा? हा मुलूख निजामाच्या राज्यात. आणि निजामाचे छायाचित्रकार राजा दीनदयाळ हे कोणत्याही देशाने मिरवावे असे कलावंत. वेरूळच्या लेण्यांपासून शिकारीच्या छावण्यांपर्यंत त्यांनी काय टिपले नाही! १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने त्यांच्या अडीच हजारांहून अधिक काचा जतनासाठी घेतल्या. पण दरबारी छायाचित्रकाराला दरबार दिसतो. पेरणीला त्याला कोण बोलावणार? १९२० साली निजामाच्या राज्यातल्या जातीजमातींवर सय्यद सिराज उल हसन यांचा जाडजूड ग्रंथ निघाला. त्यातल्या छायाचित्रांत माणसे आहेत, पण नमुन्यादाखल उभी केलेली; हातचे काम बाजूला ठेवून.

अपवाद सापडतो तो शेजारी, आदिलाबादेत. आज नांदेड जिल्ह्यात असलेले किनवट १९५६ पर्यंत त्याच जिल्ह्यात होते. तिथल्या मार्लवाई गावी १९४१ पासून फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे मानववंशशास्त्रज्ञ गोंडांमध्ये राहिले, त्यांची भाषा शिकले. त्यांच्या पत्नीची समाधीही पुढे त्याच गावात झाली. त्यांना कलावंत म्हणवून घ्यायचे नव्हते. पण त्यांच्या चित्रांतला गोंड कामात आहे आणि कॅमेऱ्याकडे त्याचे लक्ष नाही. गावात मुक्काम केल्यावाचून हे लक्ष कॅमेऱ्यावरून उठत नाही. एमर्सन आणि हायमेनडॉर्फ यांच्यात दुसरे काही समान नसले, तरी मुक्काम समान आहे.

आता माझी कसोटी सांगतो. वाफसा आला आहे, तिफण चालली आहे. बैल पुढे, आणि मागून चालणाऱ्या बाईच्या ओटीत ज्वारीचे बी. ती चाड्यावर मूठ धरते आणि बोटांच्या फटींतून दाणे सोडते. मूठ सैल पडली तर पीक दाट होऊन दबते. आवळली तर विरळ उगवते. चार महिन्यांचे भवितव्य त्या मुठीत असते. चित्रधर्मी छायाचित्रकार या जागी काय पाहील? काळ्या रानावर उठलेली बैलांची आकृती, ढगांची कड, वाऱ्यावर उडणारा पदर. शेतकरी मात्र पहिल्याने मूठ पाहील. ज्या चित्रात पदराबरोबर मूठही दिसते, ते मी श्रेष्ठ मानतो.

कोणी म्हणेल, कला म्हणजे शेतकी खात्याचे पत्रक नव्हे. कबूल. पण मुठीमुळे चित्राचे सौंदर्य उणावते, हे मला मान्य नाही. खळ्यावर उपणणी चालली की भुश्श्याचा सोनेरी पडदा आपोआप धरतो; कोणत्याही भिंगाने द्यावी त्याहून मऊ अशी धूसरता त्या कामातूनच निघते. तिवईवर उभा राहिलेला माणूस वाऱ्याची वाट पाहत पाटी खांद्याशी तोलून धरतो, त्या क्षणात जे नाट्य आहे ते बाहेरून आणावे लागत नाही. कामाची जाण असली की सौंदर्य शोधत हिंडावे लागत नाही, असा माझा अनुभव आहे.

दुर्दैव असे, की आमच्याकडे कॅमेरे आले ते आपत्ती आल्यावर. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि लातूरचे नाव जगभर छापून आले. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तेव्हा पुन्हा आले. ती छायाचित्रे आवश्यक होती. त्यांनी मदत आणली. परंतु दरबार आणि दुष्काळ यांच्यामध्ये जी साधी, भरली वर्षे गेली, त्यांचे चित्र कुठे आहे? वेळ अमावस्येला रानात कडब्याची कोप उभारून, पांडव मांडून, घरदार भज्जी आणि आंबील घेऊन जेवायला बसते, तो लातूरचा खरा चेहरा. तो किती जणांनी पाहिला आहे?

आणि वेळ फार नाही. सोयाबीन आले, ट्रॅक्टरची पेरणी आली. खळे गेले, तिवडा गेला. यंत्राने कष्ट कमी केले, त्याचे मला दुःख नाही. पण मूठ कशी धरायची हे हातांना ठाऊक असलेल्या बाया आता वृद्ध झाल्या आहेत. आज घरोघरी, खिशाखिशात कॅमेरा आहे; एमर्सनला जड पेटी आणि काचा वाहून न्याव्या लागत. दिवाळीला गावी जाल, तेव्हा आजीचे छायाचित्र नव्या लुगड्यात जरूर काढा. मग तिला सुपात चार दाणे द्या, मूठ कशी धरायची ते विचारा, आणि तिचे लक्ष तुमच्यावरून उठून दाण्यांवर जाईपर्यंत थांबा. ते दुसरे छायाचित्र जपून ठेवा.