पडद्यावरचे सफरचंद

नट, दिग्दर्शक, संगीत यांवर आपल्याकडे भरपूर लिहिले जाते. पण नाटकवाले जिला ‘प्रॉपर्टी’ म्हणतात ती, पात्राच्या हातातली वस्तू, समीक्षेच्या कक्षेत क्वचितच येते. आज चित्रपट-मालिकांत संगणक जागोजागी दिसतो आणि पुष्कळदा कंपनीच्या बोधचिन्हासह दिसतो. तेव्हा या वस्तूचीही परीक्षा व्हायला हवी.

कसोटी साधी आहे. ती वस्तू काढून दुसरी ठेवली, तर प्रसंगाचे काही बिघडते का? राज कपूर यांच्या ‘बॉबी’त (१९७३) छोटी राजदूत मोटारसायकल घर सोडणाऱ्या प्रेमिकांना वाहून नेते. तिच्याशिवाय ते पलायन रंगत नाही. लोक पुढे त्या गाडीलाच ‘बॉबी’ म्हणू लागले. उलट सुभाष घई यांच्या ‘ताल’मध्ये (१९९९) नायक-नायिका कोका-कोलाची एकच बाटली पितात. तिथे उसाचा रस असता, तरी प्रेम तितकेच गोड झाले असते.

संगणकालाही हीच कसोटी लावू. नोरा एफ्रन यांच्या ‘यू हॅव गॉट मेल’ (१९९८) या इंग्रजी चित्रपटात लहानशा पुस्तकांच्या दुकानाची मालकीण ॲपलच्या लॅपटॉपवर पत्रे लिहिते. तिच्या दुकानाच्या मुळावर उठलेल्या बड्या पुस्तक-कंपनीचा वारस आयबीएमच्या लॅपटॉपवर लिहितो. दोन यंत्रांतून दोन माणसे कळतात. इथे वस्तू कथेची चाकरी करते.

पण नेहमीच असे घडत नाही. ‘नाइव्हज आउट’चे (२०१९) दिग्दर्शक रायन जॉन्सन यांनी २०२० साली सांगितले की, ॲपल आपले फोन चित्रपटात वापरू देते, मात्र खलपात्राच्या हाती ते दिसू देत नाही. रहस्यपटाला हे फारच घातक. खुनी कोण हे दिग्दर्शकाने शेवटपर्यंत लपवायचे आणि प्रेक्षकाने हातातला फोन पाहून ते आधीच ओळखायचे! वस्तू देणारा अशी अट घालू लागला, की लेखकाची अर्धी लेखणी त्याच्या हाती जाते.

याच कंपनीच्या लॅपटॉपची एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. पूर्वी झाकण मिटलेले असताना त्यावरचे सफरचंद मालकाला सुलटे दिसे. झाकण उघडले की समोरच्याला ते उलटे दिसे. २००१ च्या सुमारास कंपनीने ते फिरवले. वापरणारा मागे पडला, पाहणारा पुढे आला. रंगमंचावर नट प्रेक्षकांकडे तोंड करून उभा राहतो, तसे आता यंत्रही उभे राहिले. परिणामी पडद्यावर आपल्याला झाकण दिसते. झाकणामागे पात्र काय काम करते ते कळत नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण आपल्या घरोघरी पाहिले गेले आहे. ३ जुलै २००० रोजी ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झाले आणि अमिताभ बच्चन यांची ‘कंप्यूटर जी’ ही हाक सर्वतोमुखी झाली. प्रायोजक तिथेही होतेच; पण त्या हाकेत कंपनीचे नाव नाही. उत्तर ‘लॉक’ होते, क्षणभर श्वास थांबतो, निकाल पडद्यावर येतो. यंत्राचे काम हेच तिथले नाट्य. घरात मराठी आणि बाजारात हिंदी बोलणाऱ्या आमच्या बऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या आजीलाही तो ‘जी’ उमगतो. तो मान कामाचा आहे.

हा प्रश्न केवळ रसिकतेचा नाही. मध्य प्रदेशात बारावीला उत्तम गुण मिळवणाऱ्यांना लॅपटॉपसाठी २५,००० रुपये देण्याची शासकीय योजना आहे. केळीच्या बागेत बापाला हात देऊन ते गुण मिळवणाऱ्या शाहपूरच्या मुलाला त्या रकमेत कामापुरते यंत्र मिळेल, पडद्यावरचे सफरचंद मिळणार नाही. मग त्याला आपले यंत्र हलके वाटू लागते, किंवा वरच्या पैशांसाठी बाप कर्ज काढतो. त्या कर्जाचा उल्लेख कुठल्याही श्रेयनामावलीत नसतो.

जाहिरात कार्यक्रमापासून स्पष्ट वेगळी दिसावी, असे आपले १९९४ चे केबल टेलिव्हिजन नियम सांगतात. ब्रिटनने २०११ मध्ये दूरदर्शन-कार्यक्रमांत पैसे घेऊन वस्तू दाखवण्यास परवानगी दिली, ती पडद्यावर ‘पी’ हे अक्षर दाखवण्याच्या अटीवर. आपल्याकडे असे अक्षर येईल तेव्हा येवो. तोवर वडीलधाऱ्यांनी मालिका पाहताना मुलांना एवढेच विचारावे : त्या माणसाने त्या संगणकावर केले काय? उत्तर सापडले नाही, तर तेवढा प्रसंग जाहिरातीचा समजावा.