उपजत फेक आणि शिक्षकाचे वळण

‘मिलियन डॉलर आर्म’ (२०१४) या चित्रपटात व्यवस्थापकाचे मनःपरिवर्तन अग्रभागी येते. २००८ मध्ये रिंकू सिंग व दिनेश पटेल यांचा भाल्याला सरावलेला हात टॉम हाऊस यांनी बेसबॉलसाठी कसा घडविला, हा मूळ प्रश्न मात्र गौण ठरतो. या दृष्टीने श्रीरामपूरच्या झहीर खानचे उदाहरण अधिक उद्बोधक आहे. मुंबईत सुधीर नाईक आणि चेन्नईच्या एमआरएफ केंद्रात टी. ए. शेखर यांनी त्याच्या उपजत वेगाला शिस्त लावली. तो वेग मारला नाही. मराठीतील ‘वळण’ हा शब्द हेच सुचवितो : वळण प्रवाहाला लागते, साचलेल्या पाण्याला नव्हे. परंतु वाढत्या वयात खांद्याची व कोपराची हाडे अपक्व असतात. अतिसरावाने त्यांना इजा होते. म्हणून भिगवणसारख्या गावातील शिक्षकाने मुलाची फेक घडविताना ती थांबविण्याची वेळही ओळखली पाहिजे.