‘मोकळी जमीन’ : एका शब्दाची मीमांसा

अमडापूर ज्या बुलढाणा जिल्ह्यात मोडते, त्याच जिल्ह्यातील खामगाव ही वऱ्हाडच्या कापसाची एक मोठी पेठ होय. येथील कापूस आगगाडीने मुंबईस जात असे. म्हणून मुंबईच्या गिरण्या ज्या भूमीवर उभ्या होत्या तिचे पुढे काय झाले, हा प्रश्न केवळ मुंबईकरांचा मानता येत नाही. नगरांच्या पुनर्विकासाचे धोरण रहिवाशांच्या जीवनावर कसा परिणाम करते, हे पाहण्यास गिरणगावाइतके बोलके उदाहरण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. संपानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडत गेल्या आणि मध्य मुंबईतील सुमारे ६०० एकर जमिनीचा प्रश्न उभा राहिला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने त्यास एक उत्तर दिले. गिरणीच्या जमिनीचा विकास करावयाचा झाल्यास तिचे स्थूलमानाने तीन वाटे करावेत : एक नगराच्या मोकळ्या जागांसाठी, एक सार्वजनिक गृहनिर्माणासाठी व एक मालकासाठी. १९९६ साली चार्ल्स कोरिया ह्यांच्या समितीनेही राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या जमिनींचा विचार सुट्या तुकड्यांनी न करता एकत्रितपणे व्हावा, असे सुचविले.

२००१ साली ह्या नियमात दुरुस्ती झाली. तीन वाट्यांचे तत्त्व कायम राहिले. परंतु वाटणी होणार ती फक्त ‘मोकळ्या’ जमिनीची, असे ठरले. वरवर पाहता हा फरक किरकोळ वाटतो. तथापि कापडगिरणी ही पसरट इमारत असते. सूतखाते, मागखाते, गोदामे ह्यांनीच आवाराचा बराचसा भाग व्यापलेला असतो. ती पाडल्यावर जी भूमी उघडी पडते ती ‘मोकळी’ म्हणावयाची की नाही? ‘होय’ म्हटले तर नगराचा वाटा मोठा होतो. ‘नाही’ म्हटले तर तो नाममात्र उरतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली पहिला अर्थ ग्राह्य मानला. सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २००६ रोजी तो अमान्य करून दुरुस्ती वैध ठरविली.

दुरुस्तीच्या बाजूनेही काही सांगण्यासारखे आहे, हे मान्य केले पाहिजे. संपूर्ण जमिनीचे तीन वाटे करण्यास मालक फारसे पुढे येत नव्हते. जमीन विकल्यावाचून कामगारांची थकलेली देणी चुकती होणे कठीण होते. ह्या युक्तिवादात तथ्य आहे. परंतु त्यात कामगार हा केवळ येणेकरी म्हणून गृहीत धरला आहे, रहिवासी म्हणून नव्हे. देणे चुकते केले की त्याचा नगराशी असलेला संबंध संपला, असे जणू मानले गेले. आमचा मुख्य आक्षेप हाच आहे.

वस्तुतः गिरणगावातील खोली ही चार भिंतींपुरती नव्हती. एका गावच्या माणसांनी एक खोली घ्यावी, पाळीप्रमाणे आळीपाळीने तीत निजावे, जेवण खानावळवाल्या बाईकडे लावावे आणि पगार झाल्यावर पैसे द्यावेत, अशी ती एक व्यवस्था होती. ह्या खानावळवाल्या स्त्रियांची संघटना करण्यासाठी प्रेमा पुरव ह्यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. खानावळ चालत होती ती उधारीवर, आणि उधारी चालत होती ती ओळखीवर. ही ओळख कोणत्याही चौरस फुटांत मोजता येत नाही. म्हणूनच ती नियमाच्या हिशेबात आली नाही.

पुढील घटना ह्याची साक्ष देतात. २०१२ साली गिरणीकामगारांसाठी घरांची सोडत निघाली व अनेकांना मुंबईत घरे मिळाली, हे निःसंशय स्वागतार्ह होय. परंतु अर्जदार लाखाहून अधिक, आणि जमीन अपुरी. ह्या अपुरेपणाचे एक मूळ २००१ च्या दुरुस्तीत आहे. २०१६ च्या सोडतीतील घरे तर पनवेलनजीक कोन येथील होती. कागदोपत्री घर मिळाले. परळ-लालबागचा शेजार मात्र त्याबरोबर गेला नाही.

सारांश, ज्या भूमीस नियमाने ‘मोकळी’ म्हटले ती माणसांच्या संबंधांनी भरलेली होती, आणि जी खरोखर मोकळी होऊन नगराच्या हाती यावयाची ती नियमाने ‘भरलेली’ ठरविली. पुनर्विकासाच्या कोणत्याही योजनेची परीक्षा करताना अभ्यासकांनी प्रथम तिच्या व्याख्या तपासाव्यात. रहिवाशांच्या पदरात काय पडणार, हे पुष्कळदा तेथेच ठरून गेलेले असते.