चिखलाला वेलांटी

'चिखलाला वेलांटी दिली की आपल्या जिल्ह्यातलं गाव.' उत्तर: चिखली. 'शंभर आणि वस्ती मिळून तीर्थक्षेत्र.' शे अधिक गाव, शेगाव. जरा अवघड हवं? 'विकाराला हात जोडला की पैनगंगेकाठचं गाव.' मेह म्हणजे विकार, कर म्हणजे हात, झालं मेहकर.

बुलढाणा सोडून इंग्लंडात आलेल्या आमच्या मंडळींत अशी कोडी रचणारी काही ज्येष्ठ माणसं आहेत. हा लेख त्यांच्या कौतुकाचा.

ही कोडी ज्या घराण्यातली, ते गूढ शब्दकोडं (क्रिप्टिक क्रॉसवर्ड) मूळचं इथलंच. 'ऑब्झर्व्हर'मध्ये १९२६पासून 'तोर्केमादा' या टोपणनावाने येणाऱ्या कोड्यांनी त्याला वळण दिलं. जानेवारी १९४२मध्ये 'डेली टेलिग्राफ'ने बारा मिनिटांत कोडं सोडवण्याची स्पर्धा घेतली आणि त्यातल्या काहींना ब्लेचली पार्कमध्ये शत्रूचे गुप्त संदेश उकलण्याच्या कामावर बोलावणं आलं.

आपल्यालाही हे वेड नवं नाही. कूट अभंग आणि भारुडं आपण पिढ्यान्‌पिढ्या उलगडत आलो. ज्यांच्या 'लीळाचरित्रा'त लोणार-मेहकरचे उल्लेख येतात, त्या महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत जपले. त्यांची किल्ली पंथाबाहेरच्या अभ्यासकांना मिळाली ती थेट विसाव्या शतकात, इतिहासाचार्य राजवाड्यांच्या काळात.

इंग्रजी कोड्यातल्या सूत्राचा नियम साधा: एका टोकाला अर्थ, उरलेल्या भागात शब्दांची फोड. मराठीत मात्र चौकटीत एकेक अक्षर बसतं, तेही काना-मात्रा-वेलांटीसकट. आडव्या शब्दातला 'ली' उभ्या शब्दातही 'ली'च हवा, 'लि' चालत नाही. म्हणून मराठी कोडं सोडवण्यापेक्षा रचणं कठीण, आणि परदेशात ही कला टिकली ती रचणाऱ्यांमुळे. सोडवणाऱ्याला कोडं छापील मिळतं. रचणाऱ्याला शब्दकोश, म्हणी, नद्या, तालुके सगळं डोक्यात बाळगावं लागतं. इथे जन्मलेली नातवंडं ऱ्हस्व-दीर्घावरून आजोबांशी हुज्जत घालतात, ती याच खेळापायी. शुद्धलेखनाच्या वहीने हे कधी साधलं नसतं.

आता तुमची पाळी. 'मोत्याच्या आरंभापुढे हिशेबाची पडताळणी': तीन अक्षरं, आपल्याच जिल्ह्यातला तालुका. उत्तर या अंकात शोधू नका, छापलेलं नाही.